कोल्हापुरी चपलेची वेबसाइट उघडल्या उघडल्या माणसाला आधी काय दिसावं?

पायताणकर:
राम राम मंडळी. आमचा घरचा धंदा कोल्हापुरी चपलांचा, आजोबांपासूनचा. बाबा आणि काका अजून हातानंच शिवतात, विक्रीचं मी आणि बहीण बघतो. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं रॅम्पवर कोल्हापूरचं नाव न घेता आपल्यासारख्या चपला दाखवल्या, त्यावरनं जो गदारोळ झाला तो सगळ्यांना माहितीच आहे, तेव्हापासून बाहेरगावची माणसं नेटवर कोल्हापुरी शोधायला लागली म्हणून आम्हीपण स्वतःची वेबसाइट करून घेतली. आता ती उघडली की आधी लोगो फिरत फिरत येतो, मग मोठा स्लायडर, म्हणजे आपोआप सरकणारी चित्रं, त्यात अंबाबाईचं शिखर, रंकाळा, कुस्तीचं मैदान, पन्हाळा आणि शेवटी आमची चप्पल. मधेच दहा टक्के सवलतीचा पॉपअप येतो आणि कुठंही बोट लावलं की हलगी वाजते. बाबांना लई आवडलंय. बहीण म्हणते, तिच्या फोनवर चप्पल दिसेपर्यंत माणूस निघून जातोय. आणि माणसं येतात आणि दोन-चार सेकंदांत जातात हे खरंच आहे, आकडे समोर दिसतायत. तुमचा अनुभव सांगा, पहिल्या नजरेत काय असावं? लाजू नका, स्पष्ट बोला.

रंकाळ्याची_हवा:
हलगी आधी काढ भावा. ऑफिसात उघडली आणि साहेब मागं उभा असला तर गिऱ्हाईक जन्मात परत येत नाही.

वडाप_एक्सप्रेस:
स्लायडरमध्ये कुस्ती बघून मला वाटलं तालमीची साइट आहे 😄 पण फोटो झकास आहेत, कुणी काढलेत?

कोडवाला_राजारामपुरी:
मी हेच काम करतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या लोकांनी २००६ साली एक अभ्यास छापला होता, त्यात माणसांना वेबसाइटची चित्रं फक्त ५० मिलिसेकंद दाखवली आणि कशी वाटली ते विचारलं. म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यात दिलेलं मत आणि जास्त वेळ बघून दिलेलं मत बऱ्यापैकी जुळलं. पुढं २०१२ मध्ये बाझल विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी बघितलं की त्या एवढ्याशा वेळात माणसाला काय आवडतं, तर गर्दी कमी असलेली आणि त्या प्रकारची साइट जशी असावी असं वाटतं तशीच दिसणारी साइट. दुकानाची साइट दुकानासारखी दिसली पाहिजे, एवढा साधा मुद्दा आहे.

तुझ्या साइटवर नेमकं उलटं झालंय. गर्दी भरपूर, आणि दिसते पर्यटनाची. रंकाळा कुणाला आवडत नाही, पण माणूस चप्पल शोधत आलाय. त्याला पहिल्या स्क्रीनवर, बोट वर न सरकवता, तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. इथं काय मिळतं, विकणारा कोण आहे, आणि पाहिजे असेल तर आता काय करायचं. बाकी सगळं खाली टाक, ज्याला रस आहे तो जाईल खाली.

खटक्यावर_बोट:
५० मिलिसेकंद म्हणजे शब्दशः खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. आपल्या गावानं हा अभ्यास कॅनडाच्या आधीच केलावता.

गूळमंडी:
माझं मत वेगळं आहे. छोट्या धंद्याला वेबसाइट पायजेच कशाला? आमचं गुऱ्हाळ आहे, गूळ, काकवी सगळं व्हॉट्सॲपवर जातंय. गूगलच्या नकाशावर दुकान टाकलंय, फोटो टाकलेत, लोक फोन करतात, पैसे पाठवतात, आम्ही माल लावून देतो. वेबसाइटवर पैसे घालवण्यापेक्षा नकाशावरचा पहिला फोटो नीट कर, निम्मी माणसं तोच बघतात. आमच्या नकाशावर कुणीतरी गिऱ्हाईकानं गुऱ्हाळामागच्या चिपाडाच्या ढिगाचा फोटो टाकलावता आणि तोच सगळ्यात वर दिसत होता. चांगले फोटो टाकल्यावर मग तो खाली गेला.

पायताणकर:
@गूळमंडी दादा, नकाशाचं पटलं, आजच बघतो. पण आमचं थोडं वेगळं आहे. गुळाला ओळखीचं गिऱ्हाईक असतं. आमच्याकडं दिल्ली-बेंगलोरची अनोळखी माणसं येतात आणि इन्स्टावर पहिला प्रश्न हाच, "खरी कोल्हापुरी आहे का? चामडं खरं का रेक्झिन?" तिथं रोज तेच तेच टाइप करून बोटं दुखतात. एकदा साइटवरच सगळं दिसलं तर विश्वास बसतो.

कोडवाला_राजारामपुरी:
मग तुझा पहिला स्क्रीन हाच प्रश्न सोडवू दे की. रोज जे विचारतात तेच वर लिही.

पन्हाळकरीण:
हे अगदी खरं! आमचं पन्हाळ्यावर छोटं होमस्टे आहे. साइटवर सगळ्यात वर धुक्यातल्या तटबंदीचा फोटो होता, दिसायला अप्रतिम, सगळे कौतुक करायचे. पण फोन आले की प्रश्न ठरलेले: संडास-बाथरूम खोलीतच आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, गाडी कुठं लावायची, तांबडा-पांढरा मिळणार का. मग नवऱ्यानं खोलीचा फोटो वर घेतला, खिडकी उघडी, पलंगावर धुतलेली चादर, आणि त्याच्या शेजारी बाथरूमचा. बाथरूमचा फोटो वर टाकायचा म्हटल्यावर सासूबाई हसत होत्या. पण आता फोन करणारी माणसं थेट तारीख विचारतात. बाईमाणूस कुटुंब घेऊन येताना आधी तेच बघते हो. धुकं काय, ते पन्हाळ्यावर असणारच, ते कुणाच्याही होमस्टेच्या खिडकीतनं दिसतं. आपल्याकडं जे आहे ते दाखवावं.

वडाप_एक्सप्रेस:
पन्हाळकरीण ताई, पावसाळ्यात खोली आहे का हो? (धाग्यात धंदा झाला बघा)

पन्हाळकरीण:
@वडाप आहे की, या.

शिरोली_कास्टिंग:
आमचा प्रकार वेगळा, तरी सांगतो. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, लोखंडाचे ओतीव भाग (कास्टिंग) बनवतो. आमच्या जुन्या साइटवर उघडताक्षणी काय, तर मोठ्या साहेबांचा सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, फीत कापताना. एका परदेशी कंपनीचा खरेदीवाला इथं येऊन गेला, त्याला विचारलं साइट बघितलीस का, तर म्हणाला बघितली, पण तुम्ही काय बनवता ते कळलं नाही. फेट्यातली माणसं दिसली, कास्टिंग कुठंच दिसलं नाही.

आता सगळ्यात वर एकच ओळ आहे: ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न कास्टिंग, इतक्या किलोपासून इतक्या किलोपर्यंत, मशिनिंगसह. खाली शॉपफ्लोअरवरचा खरा फोटो. नेटवरनं उचललेला पांढरं हेल्मेट घातलेल्या गोऱ्या इंजिनिअरचा नाही, जो अर्ध्या जगाच्या साइटवर आहे. खरेदीवाला माणूस दहा साइट एकदम उघडून बसतो आणि ज्यांच्यात त्याच्या कामाचं दिसत नाही त्या पटापट बंद करतो. सत्काराचे फोटो "आमच्याविषयी" मध्ये आहेत, साहेबपण खूश.

एक वेगळा सल्ला, विषय सोडून. डोमेन, म्हणजे साइटचा नेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. आमचं साइट करणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतलं होतं, तो फोन उचलायचा बंद झाला आणि मुदत संपली. कितीतरी दिवस साइटच्या जागी भलत्याच जाहिराती दिसत होत्या. त्याच्याइतकं वाईट पहिलं दर्शन दुसरं नाही.

पायताणकर:
बापरे. बघितलं, आमचंपण आमच्या नावावर नाही. उद्या सकाळी पहिलं तेच काम.

काकू_उद्यमनगर:
मी साठी ओलांडलेली बाई आहे, मुलानं हा धागा दाखवला. आम्ही पण ऑनलाइन घेतो हं, कुणाला वाटत नाही. पण हल्ली सगळीकडं ती बारीक फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर, काय लिहिलंय देव जाणे. आणि तो पॉपअप आला की त्याची फुली सापडत नाही, एवढीशी कोपऱ्यात, बोट लावायला जावं तर भलतंच उघडतं. मग मी सरळ बंद करते. अजून दुकान बघितलं नाही तर सवलत कसली देताय बाळा? आधी चप्पल तर दाखव.

रंकाळ्याची_हवा:
काकू, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

कोडवाला_राजारामपुरी:
काकूंनी सांगितलं त्याचा नियमच आहे. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं म्हटलंय. फुकट तपासता येतं, दोन्ही रंग टाकले की आकडा मिळतो. आमच्या धंद्यातली पोरं मोठ्या झगमगीत स्क्रीनवर डिझाइन करतात, तिथं राखाडी छान दिसतं. महाद्वार रोडला भर उन्हात फोन धरून बघा, अक्षर गायब.

आता वेगाचं. गूगलचं म्हणणं आहे की पानावरची मुख्य गोष्ट, तुझ्या बाबतीत चपलेचा फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसली पाहिजे. तुझ्या साइटचे फोटो मी बघितले, कॅमेऱ्यातनं काढलेले जसेच्या तसे चढवलेत, एकेक पाच-सहा एमबीचा आणि स्लायडर पाचही एकदम मागवतोय. फोनवर दिसायला हजार-बाराशे पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात केलास तर एकेक फोटो शंभर-दीडशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. दुसरं, फोटोची रुंदी-उंची आधी लिहून ठेव, नाहीतर फोटो आला की खालचा मजकूर धाडकन सरकतो आणि काकूंचं बोट भलत्या बटणावर पडतं. लोगोची फिरकी काढच, ती फिरते तोवर माणूस कोऱ्या पानाकडं बघत बसतो. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स मध्ये साइटचा पत्ता टाक, काय काय अडतंय ते सगळं सांगतं, पैसे लागत नाहीत. आणि भारीतल्या फोनवर वायफायवर तपासू नको. साधा फोन घे, गगनबावड्याच्या वाटेवर रेंज येते-जाते तिथं उघडून बघ.

हलगीचं म्हणशील तर क्रोमनं २०१८ पासून आपोआप आवाज वाजवणं जवळजवळ बंदच केलंय, म्हणून तर तुझी हलगी बोट लावल्यावर वाजते. माणूस किंमत बघायला बोट लावतो आणि दचकतो.

अवांतर_अण्णा:
हलगीवरनं आठवलं, पूर्वी कापशी पायताणाचा करकर आवाज गल्लीच्या तोंडापासनं यायचा. आत विंचू नावाच्या झाडाच्या बिया घालायचे. आमचे आजोबा आले की आवाजावरनं कळायचं, पोरं अभ्यासाला बसायची. आता तसं घालतात का कुणी?

पायताणकर:
घालतो की अण्णा, सांगितलं तर घालून देतो. आवाज पाहिजे म्हणून मुद्दाम मागणारी माणसं आहेत अजून.

वडाप_एक्सप्रेस:
अण्णा धागा घेऊन निघाले परत 😄 आता मिसळीवर जाणार.

अवांतर_अण्णा:
मिसळीवर जात नाही, मुद्द्याचंच सांगतो. मी चप्पल लाइनला, म्हणजे आपल्या चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, एका दुकानात बरीच वर्षं बसलोय. गिऱ्हाईक चप्पल हातात घेतलं की आधी वरनं बघत नाही. उलटी करतं. तळ बघतं, शिवण तळापर्यंत आली का नुसतं चिकटवलंय ते बघतं. मग दोन्ही हातांनी वाकवतं. मग नाकाला लावतं. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा वास ज्याला माहितीय तो फसत नाही. हे झालं की मग रंग आणि गोंडा. ऑनलाइन वास देता येत नाही, पण तळ आणि शिवण तर दाखवता येते? मी इतक्या साइट बघितल्या, सगळीकडं चप्पल वरनं काढलेली, शेजारी झेंडूची फुलं. उलटी चप्पल एकानंही दाखवली नाही.

कोडवाला_राजारामपुरी:
अण्णा, मानलं. हे डिझाइनवाल्याला कधीच सुचलं नसतं. पायताणकर, उलट्या चपलेचा फोटो पहिल्या स्क्रीनवर घे, एक सरळ एक उलटी, शेजारी शेजारी.

रेषा_आणि_रंग:
मी डिझायनर आहे, जरा आमची बाजू. स्लायडर आम्ही हौसेनं टाकत नाही, मालक मागतात. घरात चार जण असले की चौघांना चार गोष्टी वर पाहिजे असतात, मग भांडण मिटवायला स्लायडर येतो. वडिलांना देऊळ, मुलाला सवलत, काकांना बक्षीस. पण दुसऱ्या-तिसऱ्या चित्रापर्यंत फार थोडी माणसं थांबतात, म्हणजे तिघांचं म्हणणं कुणी बघतच नाही. म्हणून साइट करायच्या आधी घरात बसून एक ओळ ठरवा. एकच. अनोळखी माणसाला ती वाचून कळलं पाहिजे. "परंपरा आणि गुणवत्तेचा संगम" छापाची नको, ती पापडाच्या साइटवर पण चालते आणि पंपाच्या पण.

पायताणकर:
ताई, असं चालेल का? "कोल्हापुरात हातानं शिवलेली अस्सल चामड्याची चप्पल. आमच्या घरी बनते, थेट तुमच्या घरी येते."

रेषा_आणि_रंग:
पहिलं वाक्य उत्तम. दुसऱ्यात यमक जुळवायच्या नादात माहिती राहिली. तिथं लिही की तुमच्या पायाच्या मापानं बनवून देतो. देता ना? आणि फोटो उलट्या चपलेसोबत तुझ्या बाबांच्या हातांचा. वेणी घालताना, आरी धरलेली, जवळनं. तो फोटो दुसऱ्या कुणाकडं असूच शकत नाही.

खटक्यावर_बोट:
बाबांना पण चालेल, देवळाच्या जागी स्वतःच आले 😄

जीएसटी_वही:
दोन गोष्टी कायद्याच्या, कारण विश्वासाशी त्यांचा थेट संबंध आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्यानं व्यवसायाचं नाव, पत्ता, संपर्क, तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव आणि हुद्दा, परत घेण्याचे आणि पैसे परतीचे नियम हे स्पष्ट दाखवायला पाहिजे. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची. बहुतेक जण हे कुठंतरी तळाशी बारीक अक्षरात दडवतात. तुम्ही गल्लीसकट पूर्ण पत्ता आणि "माप चुकलं तर बदलून मिळेल" हे ठळक लिहा. अनोळखी माणूस नेमकं तेच शोधत असतो, पैसे बुडणार नाहीत ना.

दुसरं, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचा मिळून, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे. पण म्हणून कुणीही साइटवर जीआयचा शिक्का लावायचा नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच लावा. नोंदणी करून घ्या आणि मग अभिमानानं वर लावा.

गूळमंडी:
हे बरोबर. आमच्या गुळाला पण जीआय आहे, तरी बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून सर्रास विकला जातोय. शिक्का बघून आता लोक फसत नाहीत, गुऱ्हाळाचा व्हिडिओ मागतात.

शुद्ध_अशुद्ध:
भाषेचं कुणी बोललंच नाही अजून. साइट मराठीत का इंग्रजीत? माझं मत मराठीत पाहिजेच. आणि मराठी नीट दिसलं पाहिजे. जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं साइटवर टाकलं की दुसऱ्याच्या फोनवर नुसता कचरा दिसतो, सगळ्या फोनवर चालणाऱ्या युनिकोडमध्येच पाहिजे. या साइटवर मथळ्यात "कोल्हापुरी" ची वेलांटी वरनं कापली गेलीय, कारण दोन ओळींतलं अंतर इंग्रजी अक्षरांच्या हिशोबानं ठेवलंय. आपल्याला वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला जागा लागते. आपल्याच गावाचं नाव छाटलेलं दिसणं बरं नाही.

कोडवाला_राजारामपुरी:
ओळींचं अंतर दीडपटीच्या वर ठेव, होईल. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फॉन्ट फुकट आहेत.

शिरोली_कास्टिंग:
भाषेबाबत मी थोडा असहमत. त्याचं गिऱ्हाईक दिल्ली-बेंगलोरचं आहे. त्यांना मराठी ओळ दिसली तर ते परत जातील.

शुद्ध_अशुद्ध:
दोन्ही ठेवा की. वर उजवीकडं "मराठी" असं बटण, तीन आडव्या रेघांच्या मेनूत लपवलेलं नको. आणि चपलांच्या प्रकारांची नावं इंग्रजी पानावर पण आपलीच राहू देत. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, पुकारी.

शिरोली_कास्टिंग:
हे मान्य.

पायताणकर:
मंडळी, तुमचं सगळं घरी वाचून दाखवलं. बाबा आधी नाराज होते, देऊळ काढायचं म्हटल्यावर. पण अण्णांचं उलट्या चपलेचं वाचल्यावर स्वतःच म्हणाले, तळाचा फोटो दिवसा उजेडात काढ, ट्यूबलाइटखाली शिवण दिसत नाही. अंबाबाईचा फोटो आता "आमच्याविषयी" मध्ये, आजोबांच्या फोटोशेजारी. पॉपअप, हलगी, फिरता लोगो गेला. वर सरळ-उलटी चप्पल, बाबांचे हात, ती एक ओळ, आणि बटण. डोमेनचं पण नावावर करून घेतोय. आता घरात एकच वाद शिल्लक आहे. किंमत पहिल्या स्क्रीनवर दाखवायची का? काका म्हणतात, किंमत बघून माणूस पळतो, आधी बोलू दे.

गूळमंडी:
काकांशी सहमत. भाव फोनवर.

पन्हाळकरीण:
अजिबात नाही! किंमत लिहिली नाही की माणसाला वाटतं लई महाग असणार, नाहीतर तोंड बघून सांगणार. आम्ही भाडं वरच लिहिलंय. ज्याला परवडत नाही तो फोनच करत नाही, दोघांचा वेळ वाचतो.

काकू_उद्यमनगर:
किंमत नसेल तर मी विचारत पण नाही. विचारलं की मग मागं लागतात.

रेषा_आणि_रंग:
"इतक्यापासून पुढं" असं लिही आणि त्याच ओळीत कारण दे. हातशिलाई, एक जोड करायला किती दिवस लागतात ते. रस्त्यावरच्या रेक्झिनच्या जोडाशी तुलना होते ती कारण माहीत नसतं म्हणून.

पायताणकर:
हे काकांना पटेल, दिवसांचं तेच सगळ्यांना सांगत असतात. लिहितो. आणि बटणावर "मापाचा कागद पाठवा" असं टाकलंय. परदेशी नंबर, भारतीय नंबर यात लई घोळ होतो, म्हणून कागदावर पाय आखून फोटो मागवतो.

काकू_उद्यमनगर:
मग मला एक जोड पाहिजे. गोंडा नको, कान मऊ पाहिजेत, मला बोटाला लागतं. पाय आखताना बसून आखायचा का उभं राहून?

पायताणकर:
उभं राहून काकू, दोन्ही पायांवर सारखा भार द्या, पेन उभं सरळ धरा, तिरकं आत गेलं की माप कमी येतं. दोन्ही पाय आखा, एक पाय जरा मोठा असतो बहुतेकांचा. आणि कागदाशेजारी पट्टी ठेवून वरनं सरळ फोटो काढा. कान मऊ करून देतो.

रेषा_आणि_रंग:
हे जे आत्ता काकूंना लिहिलंस ना, हेच उचलून बटणाच्या खाली टाक.